द्राक्षारसातली मूठ

मी एक जुनी तांब्याची परात आहे, आणि सुरुवातीलाच सांगते, माझी तक्रार माझ्या मालकिणीबद्दल आहे. आर्खोंतोनं नवऱ्याच्या अंत्यदर्शनाला आलेल्या सख्ख्या नणंदेला दारातून परत पाठवलं. आमच्या डोंगरात मेलेल्याच्या कपाळाचं चुंबन घेऊन ‘देव तुला क्षमा करो’ म्हणायला वैऱ्यालासुद्धा कुणी अडवत नाही. ती एक घटका सगळ्यांची असते. पण हिनं झाफिरोला कोंबडी हुसकावी तसं हुसकावलं. वर म्हणते कशी, “रडायला माझ्या घरात माणसं पुष्कळ आहेत.”

मित्रांनो, मी हे सगळं भिंतीवरून पाहिलं. पण आधी माझं थोडं ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

यानिना शहरातल्या एका तांबटानं मला सतरा दिवस ठोकून घडवलं. काठावर त्यानं द्राक्षाचा वेल कोरला. आर्खोंतोच्या आंदणात मी या घरी आले ती खेचराच्या पाठीवर, सगळ्या सामानाच्या वर, उन्हात लखलखत. ईस्टरच्या पावांचं पीठ माझ्यातच मळलं जाई. दर शरदात कल्हईवाला यायचा आणि म्हणायचा, “बाई, अशी परात राजाच्या घरी नसेल.” ते ऐकून मालकीण ताठ व्हायची आणि मीही. खोटं कशाला बोलू? शेजारच्या कढयांशी मी कधी धड बोललेसुद्धा नाही. जशी ती, तशीच मी.

मग तो बर्फाचा दिवस आला. झाफिरोनं भावाच्या मनाविरुद्ध एका धनगराशी लग्न केलं होतं. तो दरीत पडून मेला, तेव्हा ती दुपारी माहेरच्या दाराशी आली. तिनं दार ठोठावलं. तिचा भाऊ स्तेर्योस, म्हणजे आर्खोंतोचा नवरा, चुलीपाशी बसला होता. तो लगबगीनं उठला, त्याचा उजवा हात कडीवर गेला. आर्खोंतो माझ्यात पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. ती फक्त म्हणाली, “उघडलंस तर या घरात पुन्हा पाव मळणार नाही मी.”

त्यानं कडी काढली नाही. उलट वरचा अडसरही सरकवला. बाहेर ठकठक बराच वेळ चालू होती. मग थांबली. त्या दिवशी माझ्यातलं पीठ फुगलंच नाही.

झाफिरो गावाच्या टोकाला, अक्रोडाखालच्या खोलीत राहू लागली आणि लोकर विणून पोट भरू लागली. गाव म्हणे, भाऊ दगडाचा. कुणाच्या शब्दानं दार बंद राहिलं, ते तिघांनाच ठाऊक होतं: स्तेर्योसला, हिला आणि मला.

पुढे स्तेर्योसही गेला; त्याला पुरून पाच वर्षं झाली. पाच वर्षांनी आमच्याकडे कबर उघडतात, हाडं द्राक्षारसानं धुतात, पेटीत घालून देवळामागच्या खोलीत ठेवतात. हाडं स्वच्छ निघाली म्हणजे मेलेल्याला क्षमा मिळाली, असं मानून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. त्यासाठी देवळात एक परात असे, पण ती चिरली होती. आर्खोंतो सगळ्या बायकांसमोर म्हणाली, “माझ्या नवऱ्याची हाडं माझ्याच परातीत धुवायची.” मला असा संताप आला! ज्या पोटात सणाचं पीठ मळलं, त्यात कबरीतली हाडं?

शनिवार होता, मृतांच्या स्मरणाचा. भर दुपार, लख्ख ऊन, वारा अजिबात नाही. बायकांनी माती उकरली. कवटी निघाली ती मधाच्या रंगाची, स्वच्छ. शेजारीण कोंदिलो ओरडली, “पुण्यवान होता गं तुझा माणूस!” आर्खोंतोची हनुवटी वर गेली. बरगड्या आल्या, पाय आले, डावा हात आला. प्रत्येक हाड माझ्यात ठेवलं, धुतलं आणि पांढऱ्या कापडावर मांडलं.

मग उजवा हात आला.

मनगटापर्यंत हाड होतं. त्यापुढे पंजा अख्खा होता. काळा, चामड्यासारखा, मूठ आवळलेली. नखंसुद्धा होती. कोंदिलोनं छातीवर क्रूस काढला आणि दोन पावलं मागे सरकली. आर्खोंतोनं तो माझ्यात ठेवला, वरून द्राक्षारस ओतला. द्राक्षारस त्याला लागेच ना. मुठीभोवती बोटभर अंतर सोडून तो उभा राहिला. माझं तांबं तळातून गार पडत गेलं, त्या बर्फाच्या दिवसासारखं.

“पुन्हा ओत,” आर्खोंतो म्हणाली. तीनदा ओतला. मूठ कोरडीच.

गावचे पुजारी पापा-लाम्ब्रोस म्हातारे होते. ते म्हणाले, “माती काय करते ते मला कळत नाही, आणि देव काय करतो ते तर नाहीच. पण निरोपाच्या दिवशी एका माणसाचा शब्द राहिला, हे मी पाहिलंय. झाफिरोला बोलवा.”

कोंदिलो धावत गेली आणि एकटीच परत आली. “ती म्हणते, दार जिनं अडवलं तिनं यावं.”

“मी जाऊ? त्या खोलीत?”

“नको जाऊ हो,” कोंदिलो म्हणाली. “मूठ इथेच ठेव. कावळे आहेतच.”

आर्खोंतोनं मला उचललं. डोक्यावर नाही, पोटाशी धरून, उष्टी भांडी न्यावीत तशी. गावाच्या एकुलत्या एका वाटेनं ती निघाली आणि खिडक्या उघडत गेल्या. मी लाजेनं मेले. मग आवाज सुरू झाला. माझ्या आतून. ठक. ठक. ठक. मला वाटलं, तिच्या चालण्यानं मूठ काठावर आपटतेय. आर्खोंतोलाही तसंच वाटलं असावं, कारण ती थांबली.

ठक. ठक. ठक.

द्राक्षारस हलत नव्हता. मूठ हलत नव्हती. पण माझ्या तांब्यावर कुणीतरी दार ठोठावावं तसं ठोठावत होतं. आर्खोंतोच्या ओठांना रंग राहिला नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी साधी मातीची थाळी असते तर बरं झालं असतं.

झाफिरो उंबऱ्यावर बसून लोकर पिंजत होती. आर्खोंतो उभीच राहिली.

“वन्सं, मी तुमच्या भावासाठी आले आहे. स्वतःसाठी नाही.”

“मग जा परत, वहिनी. त्याला मी केव्हाच क्षमा केली. त्याच्या अंत्यदर्शनाला तुझ्या दाराबाहेर उभी होते ना, तेव्हाच म्हटलं, देव तुला क्षमा करो. भिंतीतून पोचलं असेल.”

“पोचलं, तर ही मूठ का उघडत नाही?”

झाफिरोनं माझ्यात डोकावून पाहिलं. ठकठक ऐकली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच खरखरीत होता. “हे ठोठावणं मी ओळखते. हे माझं आहे, त्या बर्फाच्या दिवसाचं. आतून काय बोलणं झालं, ते मात्र मला बाहेर ऐकू आलं नव्हतं.”

आर्खोंतोनं मला जमिनीवर ठेवलं. मग गुडघे टेकले, मग तळवे, मग कपाळ चिखलात. ती बाई, जी देवळातसुद्धा खुर्ची सोडत नसे!

“तो उघडणार होता,” ती मातीत तोंड घालून म्हणाली. “मी उघडू दिलं नाही. माझा शब्द होता तो, वन्सं. हात नुसता त्याचा.”

ठकठक थांबली.

पीठ भिजावं तसा द्राक्षारस हळूच मुठीकडे सरकला. बोटं एकेक करून सैल झाली, आणि हाडं माझ्या तळाशी पसरली, सुक्या चण्यांसारखी, स्वच्छ. मुठीत काहीच नव्हतं. माझं तांबं पुन्हा ऊबदार झालं.

झाफिरोनं ती हाडं धुतली. मग आर्खोंतोचे चिखलाचे हात ओढून माझ्यात घेतले आणि त्याच द्राक्षारसात धुतले. “देव तुला क्षमा करो, वहिनी. आणि मलाही. पाच वर्षं मी तुझ्या शरमेची वाट पाहत बसले होते.”

मित्रांनो, तेव्हापासून मला कल्हई नाही. मी देवळामागच्या खोलीत असते, गावातल्या सगळ्यांची हाडं माझ्यात धुतली जातात, आणि धनगर कोण, मोठ्या घरचा कोण, ते मला ओळखता येत नाही. तुमच्या घरच्या जुन्या भांड्यांना पुसत जा. आणि दाराशी कुणी आलं तर आधी कडी काढा, मग रागवा.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. आर्खोंतो उठली, पदरानं कपाळ पुसलं, आणि लगेच तिची हनुवटी वर गेली. “उद्या क्षमेचा रविवार,” ती म्हणाली. त्या दिवशी आमच्याकडे सगळे एकमेकांची क्षमा मागतात. “उद्या देवळात सगळ्यांच्या आधी मी गुडघे टेकणार. बघू दे गावाला, आर्खोंतो क्षमा मागते म्हणजे कशी मागते!”

आयुष्यात मी एकदाच मोठ्यानं बोलले, ते तेव्हा. दोघींनी ऐकलं. कोंदिलोनंही, कारण ती कुंपणामागे होतीच.

“आर्खोंतो, तू काही चांगली बाई नाहीस, तरी तुला क्षमा मिळाली. उद्या सगळ्यांच्या मागे उभी राहा, आणि ही मिळालेली दया दागिन्यासारखी मिरवू नकोस.”