तेरा किलो

टेलरबाईंचं वय साठ, आणि त्या रांगायला शिकत होत्या. शेजारणीला त्यांनी हे सांगितलं नव्हतं, कारण शेजारणीला सांगणं म्हणजे साऱ्या गल्लीला सांगणं. ती विचारायची तेव्हा त्या "जरा फिरून येते" म्हणायच्या आणि टायरच्या जुन्या गोदामाकडे वळायच्या.

गोदामात व्यायामाचा वर्ग भरायचा. यंत्रं नाहीत, आरसे नाहीत, ढणढणती गाणी नाहीत. माणसाचं शरीर ज्या हालचालींसाठी घडलंय तेवढ्याच करायच्या, असं कोचताईंचं म्हणणं. रांगायचं, उकिडवं बसायचं, दांडीला लोंबकळायचं, ओंडक्यावरून तोल सांभाळत चालायचं आणि हात न टेकता जमिनीवरून उठायचं. पहिल्या दिवशी टेलरबाई उकिडव्या बसल्या त्या बसल्याच. उठवायला दोघं लागली. चाळीस वर्षं शिलाई मशीनपुढे बसून त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता.

वर्गाची एक रीत होती. प्रत्येकाने आपली वाळूची पिशवी स्वतः भरायची, आणि आयुष्यात जे उचलायचं असेल त्याच्या वजनाची भरायची. बसड्रायव्हरची पिशवी अठ्ठेचाळीस किलोंची होती. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, तिला रोज उचलून खुर्चीत बसवावं लागे. निवृत्त पोस्टमन चौथ्या मजल्यावर एकटा राहायचा, त्याने पाण्याच्या बादलीएवढी भरली होती. टेलरबाईंनी पिशवी स्वतः शिवली, दुहेरी शिलाई मारून, आणि बरोब्बर तेरा किलो भरली.

"हे कुणाचं वजन?" कोचताईंनी विचारलं.

"माझ्या नातीचं."

तीन वर्षांपूर्वी मुलगा, सून आणि नात दूरदेशी राहायला गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी पिटुकली त्यांच्यासमोर दोन्ही हात वर करून उभी राहिली. "आजी, घे." त्याच आठवड्यात बाईंची कंबर धरली होती, आणि डॉक्टरांनी भाजीची पिशवीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं होतं. "उद्या घेते हं, राणी," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर झोपेतच बापाच्या खांद्यावरून गाडीत गेली.

ते वर केलेले हात टेलरबाईंच्या डोळ्यांसमोरून हलेनात. कापड कापताना दिसायचे, बटण लावताना दिसायचे. कंबर मोडली असती तर मोडली असती, पण घ्यायला हवं होतं, असं त्या दिवसातून दहादा स्वतःलाच सुनवायच्या.

म्हणून हा सगळा खटाटोप. सहा महिन्यांत त्या मांजरीसारख्या रांगायला लागल्या, उकिडव्या बसून सुईत दोरा ओवायला लागल्या. तेरा किलोंची पिशवी छातीशी धरून गोदामाला पाच फेऱ्या मारायच्या आणि धापसुद्धा लागायची नाही.

"टेलरबाई, हलकी पडतेय ती तुम्हाला," कोचताई एकदा म्हणाल्या. "थोडी वाळू वाढवू या?"

"मुळीच नाही! तेराच राहू दे."

त्या इतक्या फटकन बोलल्या की कोचताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. पिशवीच्या वरच्या कोपऱ्यावर हनुवटी टेकली की बाईंना फार बरं वाटायचं. बाकीच्यांनी आपापल्या पिशव्या भिंतीशी लावल्या तरी त्या फेऱ्या मारतच असायच्या.

"अहो, झोप लागली असेल तिला," पोस्टमन म्हणाला. "ठेवा आता खाली!"

सगळे हसले, त्याही हसल्या, पण आणखी एक फेरी मारल्यावरच त्यांनी पिशवी ठेवली.

मग मुलाचा फोन आला: आठ दिवसांसाठी येतोय. टेलरबाईंनी लगेच फ्रॉक शिवायला घेतला. आणि गंमत बघा, फ्रॉक बेतताना त्यांनी सहा वर्षांच्या मुलीचंच माप धरलं, वर वाढत्या अंगासाठी दोन इंच कापडही आत दुमडून ठेवलं. हातांना सगळं कळत होतं. व्हिडिओवर पिटुकलीचं तोंड रोज दिसायचं, पण व्हिडिओवर वजन दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तेराच किलो घेऊन फिरल्या.

ती मंडळी आली. दारात एक उंच, काटकुळी मुलगी उभी होती, पुढचे दोन दात पडलेली.

"हॅलो आजी."

टेलरबाई झटकन उकिडव्या बसल्या; मुलगा बघतच राहिला. त्यांनी नातीला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि त्या उठल्या. म्हणजे उठायला गेल्या. पोर चार बोटं वर आली आणि बाईंचा तोल गेला.

"आई, अगं कंबर!" मुलाने धावत येऊन त्यांना सावरलं.

पिटुकली अवघडून गेली. "आजी, मी एकवीस किलोंची आहे. मला आता कुणीच उचलत नाही."

एकवीस. म्हणजे वर आठ किलो. त्या आठ किलोंतला एक घासही टेलरबाईंनी भरवलेला नव्हता. "हो गं, विसरलेच मी," असं म्हणून त्या शिवणाच्या खोलीत गेल्या आणि कात्री शोधायचं नाटक करत बसल्या.

थोड्या वेळाने पिटुकली दार ढकलून आत आली. "तुला राग आला?"

"नाही गं, राणी."

"मग मला उचलायचं कशाला होतं?"

टेलरबाईंनी सांगून टाकलं. "तुम्ही जायच्या आदल्या दिवशी तू हात वर केले होतेस. घे म्हणालीस. मी नाही घेतलं."

पिटुकलीने कपाळाला आठ्या घालून विचार केला. "मला नाही आठवत."

टेलरबाईंना हायसं वाटलं. पोरीने मनात काहीच धरलं नव्हतं. पण तीन वर्षं त्या जी संध्याकाळ उराशी धरून बसल्या होत्या, ती त्यांच्या एकटीचीच होती.

पिटुकली मशीनपुढच्या खुर्चीवर चढली आणि तिने दोन्ही हात वर केले. "मग आता घे. पटकन घे हं, बाबा ओरडतील."

टेलरबाईंनी पाय फाकवून घेतले, वजन छातीशी ओढलं, श्वास सोडला आणि नात खुर्चीवरून अलगद त्यांच्या अंगावर आली. तिचे पाय पार त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. केसांना कुठल्याशा अनोळखी साबणाचा वास होता. आता खिडकीपर्यंत जायचं आणि तिला रस्ता दाखवायचा, असं बाईंनी मनाशी ठरवलं. एक पाऊल, दोन, तीन. हात भरून आले होते, पण सोडणार नव्हते.

"झालं ना आजी?" पिटुकली समजुतीच्या सुरात म्हणाली, आणि घसरत खाली उतरून बाबांकडे पळाली.

टेलरबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. खिडकी अजून चार पावलांवर होती.