बर्गनच्या डोंगरावर जावळाची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे आणि दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर राहते. हसू आले ना? हसून घ्या. जिथे घटकाभर एसी बंद पडला तरी माणसे कासावीस होतात, तिथे घोंगडीचे काय काम, असे तुम्हांला वाटणारच. हसून झाले की मात्र सरळ बसा. मी दोनदा सांगत नाही.

माझा जन्म माणदेशातला. बाबाजी नावाच्या मेंढपाळाने आपल्या कळपातल्या कोकरांची पहिली लोकर कातरली. त्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात, आणि जावळाच्या घोंगडीचा मान सर्व घोंगड्यांत वरचा. बाबाजींच्या पत्नीने, सत्यभामाबाईंनी, ती लोकर पिंजून सूत कातले. गावच्या सणगराने मला मागावर विणले आणि चिंचोक्याची खळ देऊन माझ्या अंगात ताठा आणला. तो ताठा अजून गेलेला नाही. माझा काळा रंग मेंढरांचाच आहे. मला कोणी रंगवले नाही. माझ्यावर पडलेले पाणी सहसा आत शिरत नाही, निथळून जाते.

सत्यभामाबाईंचा मुलगा दत्तप्रसाद तान्हा होता तेव्हा त्या त्याला माझ्या खोळीत घेऊन कळपामागे चालत. घोंगडीचे एक टोक दुमडून टोपीसारखे डोक्यावर घ्यायचे आणि बाकीची पाठीवरून खाली सोडायची, की झाली खोळ. वाऱ्यापावसात मेंढपाळाचे तेच घर. त्या घरात आई आणि लेकरू, दोघेही मावत. हे लक्षात ठेवा.

दत्तप्रसाद शिकला, इंजिनियर झाला, दुबईला आला. बाबाजी गेले, कळप विकला गेला, आणि सत्यभामाबाई मला खांद्यावर टाकून लेकाकडे राहायला आल्या. सून मृणालिनी पुण्याची. तिने मला सोफ्यावर जागा दिली. नाक मुरडले ते दत्तप्रसादाने. कंपनीत त्याला सगळे डीपी म्हणत, आणि वडिलांची गावाकडे मोठी बागायत होती असे त्याने तिथे सांगून ठेवले होते. पाहुणे यायचे ठरले की माझी रवानगी कपाटात होई. एकदा त्याचा ऑफिसातला मित्र निनाद जेवायला येणार होता. "हिला मेंढरांचा वास येतो," असे म्हणून दत्तप्रसादाने मला वॉशिंग मशीनमध्ये टाकले, आणि तेही गरम पाण्यात!

सतरंजी धुवावी, चादर धुवावी. जावळाच्या घोंगडीला मशीन दाखवू नये. गरम पाण्याने लोकर आवळते. बाहेर निघाले तेव्हा मी हातभर आखडले होते. सत्यभामाबाईंनी मला आपल्या अंगावर लावून पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "दोघांपुरती ऱ्हायली न्हाई ही आता. एकट्यापुरती ऱ्हायली."

यंदा शाळेच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये निनादच्या कुटुंबाबरोबर नॉर्वेला, समुद्रकाठच्या बर्गन शहरात जायचे ठरले. वसंत म्हटला की आपल्या मनात चैत्रपालवी येते आणि कैरीचे पन्हे येते. दत्तप्रसादाचेही तसेच झाले. त्याने आपल्या लेकीला, दियाला, मॉलमधून फुलाफुलांचे एक पातळ जॅकेट घेतले आणि बॅगा भरल्या.

"आई, घोंगडी कशाला? तिथे स्प्रिंग आहे. हे बघ, ॲपमध्ये सूर्य दाखवतोय."

"तुझ्या ॲपनं कधी मेंढरं राखलीत का?"

"एअरपोर्टवर लोक काय म्हणतील?"

"बॅगंचं वजन करत्यात. खांद्याचं कोन करत न्हाई," असे म्हणून सत्यभामाबाई मला पांघरून टॅक्सीत जाऊन बसल्या.

बर्गन सुंदर आहे, हे मी मान्य करते. बंदराकाठी लाल-पिवळी लाकडी घरे खांद्याला खांदा लावून उभी होती, अंगणोअंगणी पिवळी फुले उमलली होती, आणि ऊनही पडले होते. दुसऱ्या दिवशी सगळे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने शहरामागच्या डोंगरावर गेले. वरून सारे शहर आणि खाडी दिसत होती. निनाद कॅमेरा लावून ओरडला, "यल्ला, यल्ला! सगळे या फोटोला. आजी, तुमची ही ब्लँकेट फारच रॉ आहे हां. ऑर्गॅनिक की काय?"

दत्तप्रसादाचे कान लाल झाले. तो आईच्या कानाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आई, फोटोपुरती तरी काढून ठेव ना ती. प्लीज."

सत्यभामाबाईंनी लेकाकडे पाहिले. मग माझा पदर त्यांनी आणखी घट्ट ओढला. "तुमचा फोटो तुम्ही काढा," असे म्हणून त्या मागच्या झाडीतल्या वाटेने चालू लागल्या. आई-बाप फोटोत गुंतलेले असताना दिया आजीमागे धावली. दोघी तिथल्या उपाहारगृहात बसल्या असतील, असे प्रत्येकाला वाटले. कोणीही जाऊन पाहिले नाही.

रागात चालणाऱ्या पायांना उतार कळत नाही. वाटेला दोन फाटे फुटले, मग आणखी दोन. एकाएकी समुद्रावरून धुके चढले. आधी पाऊस आला, मग पावसात बर्फ मिसळला, मग नुसताच बर्फ. परत फिरताना ओल्या दगडावरून दियाचा पाय सटकला आणि ती उतारावरून घसरत खाली गेली. सत्यभामाबाई बसत-सरकत तिच्यापाशी पोचल्या. पोरीचा घोटा टम्म सुजला होता. सत्तरी उलटलेल्या बाईला तिला उचलून चढण चढवणे शक्य नव्हते. आजीच्या फोनला फक्त हॉटेलच्या वायफायपुरती वाचा होती.

"आजी, आय कान्ट फील माय फिंगर्स," दिया रडत म्हणाली. तिचे फुलाफुलांचे जॅकेट टिपकागदासारखे भिजले होते.

सत्यभामाबाईंनी ते जॅकेट ओरबाडून काढले, माझे टोक दुमडले, खोळ केली आणि पोरीला आत घातले. मग सवयीने त्या स्वतःही आत शिरू लागल्या. मित्रांनो, मी दोघींना सामावून घेऊ शकले नाही. मी अंग ताणले, पण आखडलेली लोकर ताणून वाढत नाही. आजी आत आली की पोरीचे पाय उघडे पडत. सत्यभामाबाई क्षणभर थांबल्या, मग बाहेर सरकल्या आणि वाऱ्याच्या बाजूला, पाठीचा आडोसा करून बसल्या. सुती साडी, वर एक स्वेटर, आणि त्यावर साठत जाणारा बर्फ.

"आजी, इट्स इची. टोचतंय."

"टोचू दे. टोचतंय तवर तू जागी ऱ्हाशील. डोळा मिटलास तर फटका देईन."

बऱ्याच वेळाने वरच्या वाटेवर आवाज आले. दत्तप्रसाद, निनाद आणि बचावपथकाची लाल जॅकेटातली दोन स्थानिक माणसे शोधत निघाली होती. दत्तप्रसादाचा आवाज फाटला होता. "दियाऽऽ! आईऽऽ!"

सत्यभामाबाईंनी ओ दिली, पण गारठलेल्या घशातून वाऱ्यापलीकडे काही गेले नाही. दत्तप्रसाद वाटेच्या कडेला थांबला. तो थेट माझ्याकडेच पाहत होता.

"तिथे खाली काही आहे का रे? काळं काहीतरी?"

"दगड आहे, डीपी," निनाद म्हणाला. "सगळीकडे असलेच दगड आहेत. चल, पुढे बघू."

खोळ करून बसलेली काळी घोंगडी लांबून दगडासारखीच दिसते. आजी तर बर्फाने पांढरी होऊन बर्फातच मिसळली होती. ज्या लेकराला मी ऊब देत होते, त्यालाच मी त्याच्या बापाच्या डोळ्यांपासून लपवत होते. आवाज पुढे सरकू लागले.

तेव्हा सत्यभामाबाईंनी तोंड माझ्या खोळीत घातले. "दिये, ऐक. माझा आवाज गेला. तू हाक घाल. 'बाबा' म्हणू नको, ती वाऱ्यात बुडती. मी सांगते तशी घाल. पोटातनं. हुर्रर्रऽऽ... हाऽ हाऽऽ."

"व्हॉट इज दॅट?"

"तुझ्या आज्याची हाक हाय. घाल!"

मित्रांनो, प्रत्येक मेंढपाळाची हाक वेगळी असते. दोन कळप मिसळले तरी मेंढरे आपल्या धन्याची हाक ओळखून वेगळी होतात. दियाने डोळे घट्ट मिटले आणि ती ओरडली. पहिली हाक रडण्यात विरली. दुसरी थोडी वर गेली. तिसरी त्या पांढऱ्या उतारावरून अशी कापत गेली की माझे सूत न् सूत उभे राहिले.

"हुर्रर्रऽऽ... हाऽ हाऽऽ!"

वरचे आवाज थांबले.

"कुठला पक्षी आहे हा?" निनाद म्हणाला.

दत्तप्रसादाने दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि परक्या माणसांसमोर, ऑफिसातल्या मित्रासमोर, बाबाजींची हाक जशीच्या तशी घातली. खालून पुन्हा उत्तर आले. मग तो वाट सोडून बर्फातून घसरत, पडत खाली आला. तोंडातून 'आई' निघाले नाही. लहानपणी म्हणायचा तेच निघाले, "आये! ए आये!"

स्थानिक माणसांनी सत्यभामाबाईंना अंगाची ऊब धरून ठेवणाऱ्या चंदेरी कागदात गुंडाळले. त्यांचे ओठ निळे पडले होते, तरी त्या पुटपुटल्या, "मला अळूवडीवानी काय गुंडाळताय? पोरीचा पाय बघा आधी." दिया मात्र माझ्या खोळीत कोरडी होती. त्यांतल्या एका माणसाने माझा काठ बोटांत धरून पाहिला आणि ही कसली लोकर, असे इंग्रजीत विचारले.

दत्तप्रसादाने एकदा निनादकडे पाहिले. मग म्हणाला, "माय फादर्स शीप. ही वॉज अ शेफर्ड."

निनाद चकित झाला. "डीपी, अरे तुमची ती बागायत?"

"बागायत नव्हती रे. मेंढ्या होत्या."

"गाढवा!" निनाद चंदेरी कागदाचे टोक सत्यभामाबाईंच्या पायांखाली खोचत म्हणाला, "मग इतकी वर्षं आम्हाला तुझ्याकडे मटण सोडून पनीर का खायला घालतोयस?"

बर्गनच्या इस्पितळात सत्यभामाबाईंचा ताप उतरला, पण डाव्या हाताच्या बोटांना आलेल्या मुंग्या अजून गेलेल्या नाहीत. त्या हाताने आता त्यांना चहाचा कप धरवत नाही. मशीनमध्ये आखडलेल्या हातभर लोकरीची ती किंमत आहे. दत्तप्रसाद हे जाणतो. आई कप दुसऱ्या हातात घेते तेव्हा तो मान खाली घालतो.

परवा निनादची मंडळी जेवायला आली. दारावरची बेल वाजली आणि जुन्या सवयीने दत्तप्रसादाचा हात माझ्याकडे आला. हात थांबला. मग त्याने मला झटकले, सोफ्यावर नीट पसरले आणि आईचा हात धरून तिला माझ्यावर बसवले.

आता माझे ऐका. घोंगडी मशीनमध्ये टाकू नका. उन्हात घाला, काठीने झटका, सावलीत घडी करा. ती तुमच्या नातवंडांनाही पुरेल. पण धुण्याहून वाईट ते लपवणे. घरातले जे तुम्ही चारचौघांपासून लपवता, ते ऐन गरजेला तुमच्यासमोर असले तरी तुम्हांला दगडच दिसते. बाबाजींची हाक दियाला आली म्हणून त्या दिवशी त्यांची मेंढरे परत आली. तुमच्या आज्याची हाक कोणती होती? ठाऊक नसेल तर आजच आजीला विचारून या.