नातीचा पेला

ड्रायव्हरबाईंनी पिशवीतून पेला काढून टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलला नाही.

"घरी ज्यात घेता तोच ना?" समुपदेशक मुलीने विचारलं.

"तोच. रोज एकच."

उमेदीची सगळी वर्षं बाईंनी फौजेत ट्रक हाकले होते. आता शाळेची बस चालवत होत्या. माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना इथे धाडलं होतं. दारूबद्दल जरा बोलून या, चार-पाच भेटींचा तर मामला, म्हणाले. चार-पाच भेटींत कुणाची सुटलीय? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. इथला शब्द शाळेत पोचला की बसची किल्ली गेलीच. मग दिवसभर घरी, त्या बाटलीसमोर बसायचं.

मुलीने पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"ही दारू समजा. ओतून दाखवा."

"कशाला?"

"प्रत्येकाचा 'एक' वेगळा असतो. तुमचा बघू."

गोड बोलून गळा कापणारे साहेब बाईंनी ढिगाने पाहिले होते. ही तर कालची पोर. त्यांनी बोटभर पाणी ओतलं, औषध ओतावं तसं.

"घरी असंच बघून ओतता?"

"छे! अंधारात. सीमेवर दिव्याला मनाई असायची, तीच सवय लागली."

मुलीने पेल्यातलं पाणी कुंडीत टाकलं.

"मग डोळे मिटून ओता."

यातही डाव असणार. पण हुकूम मोडणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. हाताला माप पाठ होतं. बाटली कलली ती कललेलीच राहिली. मांडीला गार लागलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. टेबलावर तळं झालं होतं आणि बाटली अजून तिरपीच होती.

मुलीने पेन उचललं. आता लिहिणार! बाईंचा जीव टांगणीला लागला. पण पेन आणि कागद कोरड्या खुर्चीवर ठेवून ती फडकं शोधू लागली.

"शाळेला कळवणार?"

"काय, पाणी सांडलं ते? तुमच्या परवानगीशिवाय कुणालाच काही जात नाही."

"असं सगळेच म्हणतात."

बाईंनी तिच्या हातून फडकं घेतलं. आधी टेबल पुसलं, मग पेला. त्यावरच्या बदकाच्या चित्रावरून त्यांचा अंगठा उगाच फिरत राहिला.

"नातीचा आहे हा. दूध पिते यातून."

मुलीने बाटलीला झाकण लावलं.

दाराशी जाऊन बाई थांबल्या.

"पुढच्या वेळी माझा आणते," त्या म्हणाल्या. "बाटली मोठी ठेवा."