हिरकणीखालची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पट्टी आहे. खिडकीत बसण्याचे किंवा चष्म्यात मिरवण्याचे भाग्य मला लाभले नाही. तेव्हा माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, कोण जाणे.

सूक्ष्मदर्शकात बसवायच्या मोजपट्ट्या आखणाऱ्या एका लहान कारखान्यात मी नमुन्याची पट्टी होते. खऱ्या काचेवर रेघ ओढण्याआधी ती माझ्यावर ओढून बघत.

तुम्हाला वाटत असेल, काच एक तर धड राहते, नाही तर फुटते. मलाही तसेच वाटे. पण हलके वजन लावलेली हिरकणी, म्हणजे रेघ ओढायची हिऱ्याची टोकदार कणी, अंगावरून सरकली, तेव्हा कळले की काच दबतेही. आमचे कण शाळेतल्या रांगेसारखे नसतात, बाजारातल्या गर्दीसारखे दाटीवाटीने असतात. आडवा रेटा बसला की कुठे मूठभर कण एकमेकांना घासून सरकतात, मग शेजारचे मूठभर. तडा न जाता चर पडतो. हिरकणी उचलली तरी ते कण पूर्वीच्या जागी परतत नाहीत. वजन जास्त झाले, तर आत ताण कोंडून राहतो आणि काही तासांनी रेघेशेजारची कपची उडते. म्हणून तिथे दंडक होता: आज ओढलेला नमुना उद्या सकाळी तपासायचा.

तो दंडक तिथल्या एका वृद्ध कारागिरांचा. हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी हिरकणी पुतणीच्या हाती दिली. तिचे पहिलेच काम डोळ्यांच्या दवाखान्याचे होते. त्यासाठी लागणाऱ्या जातीची काचेची चकती एकच उरली होती. ती बिघडली, तर मालक हाताने आखण्याचे काम कायमचे बंद करणार होते.

तिने माझ्यावर रेघ ओढली, भिंगातून पाहिली. रेघ केसासारखी स्वच्छ. लगेच तिने चकती चढवायला घेतली.

"काका, नमुना चोख आलाय. उद्यावर कशाला ढकलायचं?"

"माझ्या पहिल्या चकतीच्या वेळी मीही हेच म्हणालो होतो."

"मग?"

"मग काय! तिचे तुकडे अजून डबीत आहेत. तुझ्या काकूला वाटतं, दागिना लपवलाय."

ती हसली, पण गाल फुगलेलेच होते. चकती मात्र तिने कपाटात ठेवली.

सकाळी माझ्या रेघेशेजारी मोहरीहूनही बारीक कपची उडालेली होती. पुतणीने ती भिंगातून पाहिली. मग तिने हिरकणीवरचे एक पितळी वजन उतरवले, माझ्यावर दुसरी रेघ ओढली आणि मला अलगद फळीवर ठेवले.

"उद्या बघू, काका," ती म्हणाली.

ती रेघ टिकली. चकतीही टिकली.

पुढे कित्येक वर्षे ती हाताने आखत राहिली. आता रेघा यंत्र आखते आणि मी फळीवर धूळ खात पडले आहे. तक्रार नाही. एवढेच सांगते, मित्रांनो: कुणाला लागेल असे बोललात आणि तो त्या क्षणी हसला, तर काहीच झाले नाही असे समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा जाऊन बघा.