चौदा नंबरची कथा

संत्र्याची बी मोबाईलच्या काचेवर नेमकी ‘गुण द्या’ या अक्षरांवर पडली होती, आणि मायाला ती उचलायची घाई नव्हती. ओली, फिकट हिरवट बी. तिच्याखालची अक्षरं जराशी फुगलेली... बी आहे तोवर गुण देता येत नाहीत, हे एका परीनं बरंच होतं. दहा वाजत आले होते, मुदत संध्याकाळी सहाची होती, आणि चौदा नंबरची कथा तिने आत्ताच चौथ्यांदा वाचून संपवली होती.

‘अक्षरपार’ची रीत मोठी कडक. मोबाईलवरचा हा लिहिणाऱ्यांचा गट दर महिन्याला कथास्पर्धा घेतो, विषय देतो, हजाराच्या वर एक शब्द खपवून घेत नाही, आणि परीक्षक म्हणून बाहेरचं कुणी बोलावत नाही — ज्यांनी कथा पाठवल्या त्यांनीच एकमेकांना गुण द्यायचे. प्रत्येकाच्या वाट्याला तीन कथा, नावं झाकलेली, वर फक्त नंबर. कुणी कुणाला ओळख दिली की दोघंही बाद. दोन वर्षांत मायाला तीनदा उत्तेजनार्थ मिळालं होतं. वेलबुट्टीचं प्रमाणपत्र मोबाईलवर यायचं, आणि वामनराव — तिचा नवरा, चाळीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात वकिली केलेला माणूस — ते छापून आणून सातबाऱ्याशेजारी फायलीत लावायचे. सत्तावन्नाव्या वर्षी आपल्या नावाची फाईल झाली याचं मायाला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर सुखही व्हायचं.

या खेपेचा विषय होता ‘मागे राहिलेली वस्तू’. मायाने सासूबाईंच्या शिलाई मशीनवर लिहिलं. चौदा नंबरची कथाही शिलाई मशीनवरच निघाली तेव्हा ती नुसती हिरमुसली — असतातच की घरोघर मशिनी. गाव जळगाव, नावं वेगळी, आई गेल्यावर मुलगी भावाकडे आलेली. पण पुढे कथेतली आई मोडलेल्या सुया बामाच्या रिकाम्या बाटलीत जपून ठेवू लागली, कारण केरात टाकली तर सुई केर काढणारीच्या पायात शिरते... आणि मायाने हातातलं संत्रं खाली ठेवलं. ती बाटली या क्षणी आतल्या कपाटात आहे. ती माहीत असलेली माणसं जगात तीन; एक इथे बसलेलं, एक न्हाणीघरात, आणि एक अकोल्याला.

माणिकताई लिहितात! थोरली नणंद, जिने पोस्टकार्डावर कधी चार ओळींच्या वर मजकूर पाठवला नाही, ती!

पहिल्यांदा काय वाटलं? पश्चात्ताप? छे. मी खोटं कशाला बोलू — पहिल्यांदा वाटलं, ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. माझ्या कथेत पहिल्याच परिच्छेदात तीन विशेषणं, आणि हिच्यात एकही नाही. दहापैकी सहा गुण देऊन मोकळं व्हावं, असंही मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि मागोमाग, कुठून कोण जाणे, आनंद — आमच्या घरात दोघी लिहिणाऱ्या! कुणाला सांगायची मात्र सोय नाही.

नऊ वर्षं झाली. सासूबाईंच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं होतं, “माया, आईची मशीन मी नेऊ का?” आणि मी म्हणाले होते, “न्या ना. तुमच्याच आईची आहे.” शब्द अगदी सरळ. पण तो सूर... तो मला अजून कागदावर उतरवता आलेला नाही, आणि या बाईने एका ओळीत उतरवलाय: ‘वहिनी हो म्हणाली आणि घरातली सगळी दारं लागली.’ ताईंनी मशीन नेली नाही. जेवल्याही नाहीत. पिशवी उचलली आणि स्टँडवर गेल्या. तेव्हापासून लग्नाकार्यात भेट, ‘बरी आहेस ना’, ‘बरी आहे’, संपलं.

आणि स्टँडवर काय झालं ते मला आज, चौदा नंबरच्या कथेतून कळावं! कथेतली मुलगी आपल्या गावाच्या तीन गाड्या सोडते. फाटकाकडे तोंड करून बाकावर बसून राहते. ‘मशीन नकोच होती मला. घरातून कुणीतरी यावं आणि थांबा म्हणावं, एवढंच हवं होतं.’

मायाच्या कथेतली नणंद मात्र हावरट होती. तेराव्याला मशीनचे खण उघडून पाहणारी. ती कथाही आत्ता कुणातरी तिघांच्या हातात असेल, आणि स्पर्धेत छत्तीसच जण... त्या तिघांतली एक अकोल्याला असली तर? ताईंना ओळखायला बामाची बाटली लागणार नाही. दुसरी ओळ पुरे. सहापर्यंत कथा मागे घेता येत होती. घ्यावी. घ्यावी ना?

“काहून हासून राहिल्या जी बाई, एकट्याच?” घरकाम करणारी मैनाबाई पोछा घेऊन दारात उभी होती.

आपण हसत होतो? “काही नाही गं. गोष्ट वाचतेय.”

“मंग मलेबी सांगा.”

मायाने सांगितली. रुसून गेलेली नणंद, स्टँड, तीन गाड्या. मैनाबाईने पोछा पिळता पिळता विचारलं, “मंग तिले आनाले कोनीच गेलं नाई?”

“नाही.”

“असी कसी ती भावजय! एखादा मानूस तं धाडाचा व्हता.” आणि ती निकाल देऊन आतल्या खोलीत गेली.

गेली होती! — मायाच्या अगदी ओठांवर आलं. भावजय गेली होती. ताई उपाशी गेल्या म्हणून डब्यात दशम्या भरल्या, लसणाची चटणी घातली, घरात औषध आणते म्हणून सांगितलं आणि ऑटो केला. राजकमल चौकात ऑटो गर्दीत अडकला, आणि तेवढ्या वेळात मनाने कच खाल्ली — अकोल्याच्या गाड्या काय, सारख्या असतात, गेल्या असतील त्या. आणि नसतील गेल्या तर काय बोलायचं? “भाऊ, ऑटो परत घ्या.” त्या दशम्या मी दोन दिवस एकटीने खाल्ल्या. हे माझ्या कथेत होतं. खरंच होतं. एकशे तीस शब्द जास्त भरले तेव्हा नेमका तोच परिच्छेद काढला. त्याच्यावाचून नणंद जास्त दोषी दिसत होती, कथा घट्ट झाली होती, आणि घट्ट कथेला गुण मिळतात.

वामनराव डोकं पुसत बाहेर आले. “दिले काय गुण?”

“अहो, आपण ओळख दिली नाही, पण समोरच्याला ती आपोआप पटली, तर बाद होतं का?”

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकून प्रश्न मनापासून घेतला. “देणं वेगळं, पटणं वेगळं. तू सांगून राहिली नाही ना? मग झालं. पण समोरचा वकील भांडेल.” आणि ते देवपूजेला गेले, आपल्या बहिणीची कथा तीन हात अंतरावर आहे याची गंधवार्ता नसलेले.

मायाने बी उचलून ताटलीत टाकली. नऊ गुण. दहा देववेनात, शेवटी मीही स्पर्धेत आहे. खाली ‘लेखकास सूचना’ असा चौकोन होता, आणि त्याला शब्दांची मर्यादा नव्हती. ती लिहू लागली. ‘वहिनी घरीच बसून राहिली, असं आपण गृहीत धरलं आहे. ती डबा घेऊन निघाली असेल. दशम्या, लसणाची चटणी. चौकापर्यंत आली असेल आणि तिथून भ्याली असेल.’ भ्याली हा शब्द लिहिल्यावर बरं वाटलं, नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो सापडला होता. मग ती मागे गेली आणि ‘चौकापर्यंत’च्या आधी ‘राजकमल’ घातलं. जळगावच्या कथेत अमरावतीचा राजकमल चौक... कुणीही म्हणेल, ही काय सूचना झाली?

आपली कथा मागे घ्यायची का, हे अजून ठरलं नव्हतं. सूचना पाठवायची का, तेही नाही. आतून पूजेची घंटा ऐकू येत होती, अंगठा काचेच्या जरा वर थांबला होता. इतका वेळ, ताई ओळखतील, याचंच भय होतं. आता वाटत होतं, एवढं लिहूनही ताईंनी ओळखलं नाही तर?