जास्तीचा प्याला

ताईचा उजवा हात मंगळवारी सकाळी साडेनऊला मोडला आणि संध्याकाळपर्यंत तीन ठिकाणची माणसं अडून बसली.

पहिलं ठिकाण हॉस्पिटलचं धुलाईघर. तिथे ती एकोणीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होती. ओल्या फरशीवर पाय सटकला आणि सगळा भार मनगटावर आला. सुपरवायझर धावत आला, वाकून बघितलं आणि विचारलं, "डावा शाबूत आहे ना?" माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यासमोर चारशे चादरींचा ढीग होता.

दुसरं ठिकाण घर, म्हणजे थोरल्या भावाचं घर. मागची खोली तिची. वहिनीने प्लास्टर बघून कपाळाला हात लावला. "सहा आठवडे? अगं, मग माझ्या गुडघ्यांनी काय करायचं?" वहिनीचे गुडघे हे त्या घरातलं एक वेगळं माणूसच होतं. त्यांचं मत घेतल्याशिवाय तिथे काही ठरत नसे.

तिसरं ठिकाण चर्च. पाळकांच्या बायकोचा, पाळकबाईंचा, दिवे लागायच्या सुमाराला फोन आला. "प्रभू तुला लवकर बरं करो गं. बरं, रविवारी प्रभुभोजन आहे. आता प्याले कोण धुणार, बघते मी."

"माफ करा हं," असं ताई तिन्ही ठिकाणी म्हणाली, जणू हाड त्यांचं मोडलं होतं.

तिचं खरं नाव धुलाईघराच्या हजेरीपटात सापडलं असतं, पण तिथेही हाक 'ताई' अशीच यायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने किडकिडीत, कुणी बसायला सांगितलं तर खुर्चीच्या कडेला टेकणारी. 'तुझ्यावाचून आमचं कसं व्हायचं' हे वाक्य तिला रोज कुणी ना कुणी ऐकवायचं आणि तिचं पोट त्यावरच भरायचं. बाकी लोक जे जेवण म्हणून जेवत, ते ती उभ्या उभ्या उरकायची.

आता त्या चर्चमधली एक पद्धत सांगायला हवी. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे बोटभर उंचीचे काचेचे प्याले तबकांतून बाकाबाकांवर फिरत. पण आपला प्याला आपण उचलायचा नाही. शेजाऱ्याने तो उचलून आपल्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "हा तुझ्यासाठी." मग आपण पुढच्याला द्यायचा. कुठल्याशा जुन्या पाळकांनी ही रीत घालून दिली होती. हेतू असा, की ज्यांचं आपसांत फाटलंय त्यांना निदान महिन्यातून एकदा एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागावं. परिणाम असा झाला, की पहिल्या रविवारी लोक बसायची जागा फार विचार करून निवडू लागले.

ताईने जागाच निवडली नव्हती. आठ वर्षं ती त्या घटकेला मागच्या स्वयंपाकघरात असायची. चहाचं पाणी तापत ठेवायचं, फडकी काढायची, टोपल्या मांडायच्या. काम खरंच असायचं. दहा मिनिटांनी केलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं, एवढंच. सगळ्यांना ते सेवाभावाचं वाटे. 'पाळकांच्या प्रवचनापेक्षा ताईची कामं बोलतात,' असं एकदा वार्षिक सभेतही म्हटलं गेलं. पाळक तेव्हा हसले, पण जरा उशिरा.

खरी गोष्ट अशी, की ती तिथे लपत होती.

आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. त्या चार वर्षांत भाऊ दाराशी उभा राहून "कशी आहे आज?" विचारून जायचा. घाण उपसायची ती ताईनेच. एका दुपारी तिसऱ्यांदा चादर बदलताना तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, तू सुटशील तेव्हाच मी सुटेन." आईने भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी पहाटे ती गेली, त्या दोन दिवसांत एक शब्द न बोलता. त्याला आता आठ वर्षं झाली. प्रभुभोजनाआधी पाळक दर वेळी आठवण करून द्यायचे, की अयोग्यपणे कुणी या मेजाशी येऊ नये. ते सगळ्यांसाठी म्हणायचे. ताईला वाटायचं, नाव घेत नाहीत एवढीच त्यांची मेहेरबानी.

रविवारी ती सवयीने तासभर आधी पोचली आणि स्वयंपाकघरात शिरली. पाळकबाईंनी तिला दारातच अडवलं.

"एका हाताने काय करणार आहेस? पायात येशील फक्त. जा, बाकावर बस. एक दिवस बस ना गं सुखाने!"

सुखाने बसायची ती घटका ताईला पाच दिवसांपासून खुपत होती. दोन्ही हात धड असताना तिला स्वयंपाकघर होतं. आता काय होतं? उपासना सुरू झाली, लोक गीताला उभे राहिले, तशी ती भिंतीकडेने सरकत बाजूच्या खोलीत गेली. तिथे टीसीकाका प्याले भरत होते.

टीसीकाका म्हणजे चर्चचे सर्वांत जुने 'वडील', कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. अडतीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासली, त्यामुळे अजूनही माणूस भेटला की आधी त्याच्या खिशाकडे बघायचे. पहिल्या गीताला दारात उभं राहून डोकी मोजायची आणि तितकेच प्याले भरायचे, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. दुसऱ्याच्या मोजणीवर त्यांचा विश्वास नव्हता.

"बाकांवर त्रेसष्ट," ते पुटपुटले, "आणि स्वयंपाकघरात ताई, चौसष्ट." मग चष्म्यावरून वर बघितलं. "तू इथे होय? असू दे, आकडा तोच."

"काका, मला मोजणीत धरू नका."

"का? पोट बिघडलंय?"

"मी घेत नाही."

"आज?"

"आठ वर्षं झाली."

काकांच्या हातातली सुरई हवेत थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिलं जे उमटलं, ते दुःख नव्हतं. चक्क आनंद होता.

"म्हणजे माझी मोजणी बरोबर होती!" ते जवळजवळ ओरडलेच. बाहेर गीत चालू होतं म्हणून निभावलं. "अगं, दर महिन्याला एक प्याला उरतोय माझा! आठ वर्षं! डोळे तपासून घेतले, दोनदा चष्मा बदलला. बायकोला सांगितलं नाही, म्हणेल म्हातारा गेला कामातून. तो उरलेला प्याला मी पडद्यामागे जाऊन गुपचूप पितो." आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "तुला आत पाळकबाई देत नव्हत्या?"

"त्यांना वाटतं, तुम्ही देता."

"आणि मला वाटायचं, त्या देतात." काका स्टुलावर बसले. "काय माणसं आहोत आपण! सगळी मंडळी तुझ्या हातचा चहा पिऊन गेली."

मग, कदाचित प्लास्टरच्या ओझ्याने, कदाचित पाच रात्री झोप नव्हती म्हणून, ताईने सांगून टाकलं. चादर, दुपार, ते वाक्य, भिंत. दोन मिनिटांत संपलं. आठ वर्षं जे घेऊन ती हिंडत होती ते इतकं थोडं होतं, याचीच तिला लाज वाटली.

काकांनी उगाच 'जाऊ दे' म्हटलं नाही. प्याल्यांच्या रांगेवरून नुसतं बोट फिरवत राहिले.

"बिनतिकिटाचा माणूस दिसला की तुम्ही उतरवायचात ना?" तिने विचारलं.

"उतरवायचो. एकदा एका बाईला उतरवलं, कडेवर पोर होतं. आडगावचं स्टेशन, भर दुपार. नियमात बसत होतं सगळं. तीस वर्षं झाली, गाडी हलतेय आणि ती फलाटावर उभी आहे, हे अजून दिसतं मला." त्यांनी नाक शिंकरलं. "आणि तो मी, पोरी, दर महिन्याला दोन दोन प्याले पितोय. एक माझा, एक तुझा. इथे मला तिकीट बघायचं काम दिलेलं नाही. डोकी मोजायची आणि भरायचे. तुझा प्याला मी दर वेळी भरला होता. मला सांगून तरी नाही म्हणायचंस."

एवढ्यात वहिनी दारात. "इथे बसलीयस होय! तुझी पर्स धरून माझा खांदा गेला. चल, शेवटच्या बाकावर जागा धरलीय. पुढचे बाक माझ्या गुडघ्यांना चालत नाहीत."

पर्समध्ये एक रुमाल आणि एक किल्ली होती.

भाकर आली, गेली. वहिनीने तुकडा नुसता पुढे केला आणि ताईने तो मुठीत धरून ठेवला. मग तबक आलं. वहिनीने प्याला उचलला, वळली आणि थबकली. वीस वर्षं दोघी एका छपराखाली राहत होत्या. या हातातून त्या हातात काय काय गेलं होतं, किराणा, औषधं, धुण्याची बादली. पण ते सगळं वहिनीकडून कामासाठीच गेलं होतं. हे असं काही देण्याची तिला सवय नव्हती आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"हा…" वहिनी म्हणाली, प्याला जरा पुढे केला. "हा तुझ्यासाठी."

नको म्हणण्यात ताईचा हात कुणी धरू शकलं नसतं. शेवटचा घास, खिडकीकडची जागा, पंख्याखालची खुर्ची, सगळ्याला ती जन्मभर 'राहू दे, मला नको' म्हणत आली होती. आताही शब्द ओठांवर होते. पण नको म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो कुठेच सापडेना. तिने मनातल्या मनात ते वाक्य देवाला पुरतं म्हणून दाखवलं: आई, तू सुटशील तेव्हाच मी सुटेन. हे मी म्हटलंय, प्रभू. ही मी आहे. मग ती वाट बघत राहिली. कुणी तिला उठवायला आलं नाही. प्याला तसाच तिच्यासमोर होता, वहिनीच्या हातात.

तिने डाव्या हाताने तो घेतला. आधी मुठीतला भाकरीचा तुकडा खाल्ला, घामाने ओलसर झालेला. मग प्याली. थोडं हनुवटीवर सांडलं. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मात्र थांबेना, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात प्याला, दुसऱ्यात प्लास्टर. वहिनीने पर्स उघडून रुमाल काढला आणि तिच्या गालावर दाबला. हळुवार पुसणं असं नव्हतं ते, ओटा पुसतात तसं होतं. तरी चाललं.

उपासना संपली. लोक उठले, बाक करकरले. वहिनी म्हणाली, "बघते आत, कोण धुतंय ते," आणि गुडघ्यांना न विचारता उठून गेली.

शेवटच्या बाकावर ताई एकटी. अंग नुसतं दमून गेलं होतं, ताप उतरल्यावर दमतं तसं. आतून नळाचा आवाज, पाळकबाईंच्या सूचना, मग खळ्ळकन काच फुटली आणि वहिनीचं खणखणीत "मेलं!" ऐकू आलं.

ताईच्या पायांनी सवयीने फरशी चाचपली. मग ती बाकाला पाठ टेकून मागे रेलली, पूर्ण, आणि तशीच बसून राहिली.