फेरोच्या कप्तानाची पट्टी

फुटबॉलच्या सामन्यात कप्तानाच्या डाव्या दंडावर असते ना, ती पट्टी मी. तुम्ही गोल बघता, खेळाडूंचे पाय बघता, फार तर त्यांचे केस बघता. माझ्याकडे कोण बघतंय! पण नव्वद मिनिटं कप्तानाची नाडी माझ्याखाली उडत असते. त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. तेव्हा ऐकाच जरा माझं.

माझा जन्म उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवरचा, तोर्सहाव्न गावातला. बेइन्तामावशीने मला शिवलं. ती आमच्या राष्ट्रीय संघाचे कपडे सांभाळते, म्हणजे धुते, इस्त्री करते, बूट मोजते, आणि कुणाचं नाक गळत असेल तर त्याला गरम सूपही पाजते. त्या काळी कारखान्यातून आलेल्या पट्ट्या पावसात भिजल्या की ढिल्या पडायच्या. तेव्हाचा कप्तान पेतुर, चांगला दांडगा मासेमार, पळता पळता मनगटापर्यंत घसरलेली पट्टी सारखी वर ओढायचा.

"अरे, कप्तान आहेस की हातात कडं घालून मिरवतोयस?" मावशी करवादली. त्याच संध्याकाळी तिने एका जुन्या होडीच्या शिडाचं कापड कापलं, आतून रुंद इलॅस्टिक लावलं, कडेला लाल आणि निळा धागा भरला. झाले मी तयार! आजवर एकदाही घसरलेले नाही. हा गर्व नाही हं, खरं तेच सांगतेय.

पेतुरबरोबरची माझी दहा वर्षं हरण्यातच गेली. मावशीकडे लाडू खायला जावं तसे मोठे देश आमच्याकडे गुण न्यायला यायचे. खायचे, तोंड पुसायचे, निघून जायचे. पेतुर म्हणायचा, "पाचाच्या आत हरलो म्हणजे जिंकलो." सगळे हसायचे. त्याचा दंड मात्र हसायचा नाही. नंतर गुडघ्याने दगा दिला, तेव्हा त्याने मला काढलं आणि दान्यालच्या हाती दिलं.

दान्याल सुतार. अर्ध्या गावाच्या स्वयंपाकघरातली कपाटं त्याच्या हातची. बोलणं कमी, आणि रागावला की आणखी कमी. ही गोष्ट घडली तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि ती त्याची शेवटची पात्रता फेरी होती. विश्वचषक एकदा तरी गाठायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. आमच्या बेटांवरचा कुणी तिथे पोहोचलाच नव्हता.

पात्रता फेरी म्हणजे काय, ते सांगते. ताकदीप्रमाणे देशांच्या चिठ्ठ्या पाच भांड्यांत घालतात आणि प्रत्येक भांड्यातून एकेक काढून गट करतात. आमची चिठ्ठी चौथ्या भांड्यात. गटातल्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरलं तर हात हलवत परत. गटात पहिला येईल तो थेट विश्वचषकाला. दुसऱ्याला मार्चमध्ये आणखी एक संधी, तिला प्ले-ऑफ म्हणतात. बाकीच्यांनी घरी बसून टीव्ही बघायचा.

आमच्या गटात स्वीडन, स्लोव्हाकिया, जॉर्जिया आणि पाचव्या भांड्यातून निघालेला अँडोरा. डोंगरातला हा देश जागेने एवढासा, की आम्हीसुद्धा त्याच्यापुढे थोरले वाटावे. "चला, आपल्यापेक्षा गरीब पाहुणा भेटला एकदाचा," मावशी म्हणाली. दान्यालला ते आवडलं नाही. "मावशी, आपण काल तिथेच होतो," एवढंच तो म्हणाला.

आता वाऱ्याचं सांगायलाच हवं. आमच्याकडे वारा हा बारावा खेळाडू आहे, फक्त कुणाच्या बाजूने खेळेल त्याचा नेम नाही. गावागावांतल्या सामन्यांत पेनल्टी मारायची तर एक जण जमिनीवर पालथा पडतो आणि बोटाने चेंडू धरून ठेवतो, नाहीतर मारायच्या आत चेंडू निघून जातो. लहानपणापासून असा खेळलेला दान्याल. माझ्या कडेचा एक धागा सुटला होता. मावशी चार वेळा कात्री घेऊन आली, पण त्याने कापू दिला नाही. पेनल्टीच्या आधी डावा हात वर करून माझा धागा कुठे उडतोय ते तो बघायचा, आणि मग नेम धरायचा गोलखांबाच्या वीतभर बाहेर. वारा चेंडूला आत आणून सोडायचा. गोलकीपर बिचारा 'बाहेर चाललाय' म्हणून उभाच!

या युक्तीने स्लोव्हाकियाला आम्ही घरी हरवलं. जॉर्जियालाही, आणि त्यांच्या घरी बरोबरी केली. अँडोराला दोन्ही वेळा हरवलं, पण दुसऱ्या वेळी घाम फुटला. त्यांचा कप्तान एलोई, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवणारा माणूस. ऐंशीव्या मिनिटाला, शून्य-दोनने मागे असतानासुद्धा, तो आपल्या पोरांना ओरडून जागा दाखवत होता. सामना संपल्यावर दान्याल त्याला म्हणाला, "तुम्ही सोडत नाही हां." एलोई हसला. "सोडून जायचं कुठे? आमचा देश संपतो लगेच."

सात सामने झाले. स्वीडन पहिलं आलंच होतं. आमचे तेरा गुण, स्लोव्हाकियाचे दहा, अँडोराचा शून्य. जॉर्जियाचे आठही सामने संपले होते आणि ते शर्यतीतून बाहेर होतं. शेवटचा सामना आमचा स्टॉकहोमला स्वीडनशी आणि स्लोव्हाकियाचा अँडोरात. कुणी लबाडी करू नये म्हणून शेवटच्या दिवशी गटातले सामने एकाच वेळी सुरू करतात. गणित सोपं होतं. आम्हाला एक गुण हवा, फक्त एक! तो नाही मिळाला आणि स्लोव्हाकिया जिंकलं तर दोघांचे तेरा-तेरा होणार, आणि गोलांच्या फरकाने ते पुढे जाणार.

"अँडोराला काय हरवायचंय?" आमचा गोलकीपर रेगिन म्हणाला. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्याला सगळं आधीच कळलेलं असतं. "स्लोव्हाकिया जिंकणारच. आपण आपलं बघू."

स्टॉकहोमला पोहोचलो तर मैदानावर छप्पर. बंद! घरात बसल्यासारखं वाटत होतं. मावशी कपडे बदलायच्या खोलीत तीनदा येऊन म्हणाली, "दान्याल, इथे वारा नाही. ध्यानात ठेव रे बाबा."

"मावशी, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर ऐकलं असतंस."

साठाव्या मिनिटाला स्वीडनने गोल केला. आम्ही धावलो, पडलो, उठलो. आणि ब्याऐंशीव्या मिनिटाला पंचाने पेनल्टी दिली. आम्हाला! चेंडू ठेवला, आणि काय सांगू, आमचा एक शहाणा सवयीने धावत आला आणि चेंडूजवळ पालथा पडला. पन्नास हजार माणसं खो-खो हसली. पंच त्याला हाताने हुसकावत होता. दान्यालने त्याला दंडाला धरून उठवलं. दान्यालचे स्वतःचे कान लालबुंद झाले होते आणि माझ्याखाली त्याची नाडी घोड्यासारखी धावत होती.

मग त्याने डावा हात वर केला. मी जीव खाऊन सांगत होते, अरे बघ, धागा लोंबतोय, सरळ लोंबतोय, वारा नाही! त्याने बघितलं. त्याला कळलंसुद्धा, हे मी शपथेवर सांगते. पण डोक्याला कळून काय उपयोग? वीस वर्षांच्या सवयीचा पाय आपल्याच वाटेने गेला. चेंडू खांबाच्या बरोब्बर वीतभर बाहेरून गेला आणि तसाच सरळ जाहिरातीच्या फळीवर आपटला. त्याला आत आणायला कुणी नव्हतं.

एक-शून्यने हरलो.

शिट्टी झाल्यावर सगळे मैदानाच्या मध्यभागी रेगिनच्या फोनभोवती गोळा झाले. अँडोरातला सामना अजून संपला नव्हता. तिथे कुणाला तरी दुखापत झाली होती, वेळ वाढवली होती. शून्य-शून्य, आणि सात मिनिटं बाकी. स्लोव्हाकियाला एक गोल पुरे होता.

दान्याल लांब एकटा उभा राहिला. मावशी थेट मैदानात शिरली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

"चल तिकडे."

"नको. माझ्यामुळे झालं."

"झालं तर झालं! आता काय गवतात तोंड लपवणार आहेस? कप्तान आहेस ना? मग वाट बघायलाही त्यांच्यात उभा राहा."

तो गेला. सात मिनिटं म्हणजे किती असतात ते मला त्या दिवशी कळलं. रेगिन एकेक वाक्य वाचून दाखवत होता. "कॉर्नर. पुन्हा कॉर्नर. गोलरेषेवरून बाहेर काढला. कुणी? एलोईने. डोक्याने. पुन्हा कॉर्नर, अरे देवा." कुणी डोळे मिटले, कुणी शेजाऱ्याच्या सदऱ्याची मूठ धरली. गणिताचा मास्तर वाचायचं सोडून मिनिटंच मोजायला लागला. शेवटी फोन मावशीने हिसकावला. चष्मा कपाळावरून खाली ओढला. वाचलं. आणि मटकन खालीच बसली.

"संपला. शून्य-शून्य."

जो दंगा झाला तो विचारू नका! दुसरा क्रमांक! प्ले-ऑफ! बंद छपराखाली एवढा आवाज घुमला की स्वीडनचे प्रेक्षकसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. दान्याल मात्र गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडला. मीही भिजले, पावसाशिवाय पहिल्यांदाच.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे गात होते. तो मावशीजवळ जाऊन बसला.

"मावशी, त्यांना काय मिळालं?"

"कुणाला?"

"अँडोराला. शेवटचे होते, शेवटचेच राहिले. सात सामने हरलेले. हा सोडून दिला असता तरी कोण काय म्हणणार होतं? आपण तसे किती सोडले, पेतुरला विचार." मग त्याने मला दंडावरून उतरवलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "ही एलोईला पाठव."

"डोकं फिरलंय तुझं! ही? आणि मार्चमध्ये काय बांधशील, बुटाची नाडी?"

"तू दुसरी शिवशील."

"मी काय इथे दुकान उघडलंय?" मावशी फणकारली. पण तिचे डोळे भरले होते. घरी आल्यावर तिने मला तीनदा धुतलं, हाताने इस्त्री फिरवली आणि सोबत वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचा एक तुकडाही बांधला. दान्यालने चिठ्ठी लिहिली. सुतार माणूस, मोजून लिहिलं:

'आम्हाला एक गुण हवा होता. तो तुम्ही मिळवलात. ही पट्टी भिजली तरी घसरत नाही.'

मी रुसले होते, खोटं कशाला बोलू! एवढी वर्षं राबले, आणि ऐन प्ले-ऑफच्या तोंडावर माझी रवानगी? दुसऱ्याच्या घरी, शून्याच्या घरी? मटणाच्या वासात पडून सबंध वाटभर मी दान्यालला बोल लावत होते.

एलोईने पुडकं सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर उघडलं. मटणाच्या वासाने दोघे बाहेर पळाले. "बक्षीस म्हणून मेलेला बूट पाठवला की काय?" त्यांचा गोलकीपर ओरडला, आणि हशा पिकला. मग एलोईने चिठ्ठी वाचून दाखवली. हशा थांबला. गोलकीपरने ती त्याच्या हातातून घेतली. पहिल्यापासून परत मोठ्याने वाचली. मग एकेकाने मला हातात घेऊन पाहिलं. त्यांच्यात दुकानदार होते, नर्स होता, बँकेतला कारकून होता. इतकी वर्षं मी फक्त कप्तानाच्या दंडावर होते. त्या दिवशी बावीस जणांच्या हातांतून फिरले. माझा रुसवा तिथेच गेला, बघा.

आता मी इथलीच. पुढच्या पात्रता फेरीला आमची चिठ्ठी पुन्हा शेवटच्या भांड्यात असणार, हे ठरलेलंच आहे. असू दे. एलोई मला बांधून सरावाला जातो आणि पोरांना सांगतो, "आपल्याकडे एक गुण आहे. आता दोन करायचे." फळ्यावर गुणांचा तक्ता पाहताना माणसं वरची दोन नावं वाचतात आणि वळतात. माझी एवढीच विनंती आहे, कधीतरी तळाचं नावही वाचत जा. तिथेसुद्धा अकरा जण नव्वद मिनिटं धावलेले असतात.

आज मार्चमधला गुरुवार. थोड्या वेळात फेरोचा प्ले-ऑफ आहे. आज जिंकले तर पाच दिवसांनी आणखी एक सामना, आणि तोही जिंकला तर विश्वचषक. एलोईच्या घरात संघातले बरेच जण जमलेत. चुलीवर मटण-बटाट्याचं रटरटतं सूप आहे. एलोई खुर्चीतून उठला, कपाटातून मला काढलं आणि स्वेटरवरूनच दंडावर चढवलं.

"हे काय? आज तुझा सामना आहे का?" त्याच्या बायकोने विचारलं.

"आज माझाच आहे," तो म्हणाला.

पडद्यावर दान्याल दिसतोय. त्याच्या दंडावर माझी धाकटी बहीण आहे, मावशीने शिवलेली, नवी कोरी. त्याच्या मागे बेटांवरून बोटीने आलेली आमची माणसं गाताहेत. इथे या खोलीत पंधरा माणसं आणि एक पट्टी त्यांच्यासाठी घसा फोडायला बसलोय. सोफा भरलाय, खाली सतरंजीही भरलीय. पण तुम्ही येणार असाल तर या, आम्ही सरकून बसतो.